यंदा कोणतं गाणं चालणार

बाबा, इंग्लंडात नाताळला कोणतं गाणं पहिल्या नंबरावर येणार, हे आधी ओळखायचं काम मला लागलं आहे. तुम्ही असता तर आधी हसला असता आणि मग विचारलं असतं, "ह्याचा पगार देतेत?" देतात. आईला सांगितलं तेव्हा ती लसूण सोलत होती. म्हणाली, "म्हंजी तुझ्या बापाचंच काम." मी तिला समजावायला गेले, की हे वेगळं आहे, यात आकडे असतात, मशीन असतं, त्या मशीनला रोज खाऊ घालावं लागतं. तिने सगळं ऐकून घेतलं, पाकळ्या परातीत टाकल्या आणि म्हणाली, "व्हय की. पण शेवटाला यंदा कोणतं गाणं चालणार तेच सांगायचं ना?" तेच सांगायचं असतं, बाबा. तेव्हापासून वाटत होतं की ही बातमी तुम्हाला द्यायची राहिली आहे.

तिकडे अशी रीत आहे की दर आठवड्याला देशात कोणतं गाणं सगळ्यात जास्त ऐकलं गेलं त्याची क्रमवारी निघते. एरवी तिच्याकडे तरुण पोरंच बघतात. पण नाताळच्या आठवड्यात जे गाणं वर येतं त्याचा मान वेगळा. म्हातारी माणसंसुद्धा विचारतात, यंदा कोणतं आलं. लोक त्यावर पैजा लावतात. दुकानवाल्यांना आणि जाहिरातवाल्यांना ते आधीच कळायला हवं असतं, आणि ते आधी सांगू पाहणाऱ्या कंपन्यांपैकी एक पुण्यात आहे. कंपनी पुण्यात, मी हिंगोलीत. गावात नेट धड टिकत नाही म्हणून इथे एक खोली घेतली, आणि त्या खोलीत ऑक्टोबरातच नाताळ सुरू झाला. बाहेर ऑक्टोबरचं ऊन, डोक्यावर पंखा, आणि कानात घुंगरं, बर्फ, घरी परतणारी माणसं. या सगळ्या गाण्यांत कुणीतरी घरी परतत असतं, किंवा परतत नसतं म्हणून दुसरं कुणीतरी खिडकीत बसलेलं असतं. बर्फ मी पाहिलेला नाही. पण वाट बघणं कळायला बर्फ लागत नाही, एवढं मला पहिल्या आठवड्यातच समजलं.

मला हे काम मनापासून आवडलं, हे तुम्हाला सांगायला हवं. पुण्यातली मुलं या गाण्यांना हसतात. "किती चिकट गं," म्हणतात. एकाने मला मीटिंगमध्ये विचारलं, "हिंगोलीत ख्रिसमस असतो का?" मी म्हटलं, "असतो. चर्चवर चांदणी लागते. तुझ्याकडे मॉलवर लागते." सगळे हसले, तोही हसला. पण मला खरंच वाटतं, की एवढ्या माणसांना, एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या, एकाच आठवड्यात एकच गाणं हवंसं वाटतं, यात काहीतरी चांगलं आहे. मतदानासारखं आहे ते, पण यात हरलेल्यालाही जिंकलेलं गाणं गुणगुणता येतं. हे मी कॉलेजात असते तर मैत्रिणींना सांगितलं असतं. आता त्या लग्न होऊन वाशिमला, नांदेडला, कुठे कुठे गेल्या. खोलीत मी सांगणार कुणाला? एरवी सगळं काम टाइप करून चालतं. कधी कधी दोन दिवस माझा स्वतःचा आवाज मी ऐकत नाही. मग दुधाची पिशवी घेताना दुकानदाराशी बोलायला जाते तर आवाज घोगरा निघतो, आणि तो विचारतो, "ताई, तब्येत बराबर न्हाई का?"

म्हणून तर आईला आणायचं ठरवलं होतं. मला घेतलं होतं ते नाताळपर्यंत, बघू म्हणून. कायम केलं तर दोन खोल्यांचं घर बघायचं आणि गावाहून, कुरुंद्याहून, आईला इकडे आणायचं. तुम्ही गेल्यापासून ती एकटीच आहे, आणि मी शिकायला बाहेर पडल्यापासून तर पूर्णच एकटी. दिवाळीत मी फोनवर तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तू पर्मनंट झालीस की येते." त्या एका वाक्यावर मी सगळा हिवाळा काढला. पुण्याच्या मुलांसाठी ती गाण्यांची स्पर्धा होती. माझ्यासाठी त्या शर्यतीच्या दुसऱ्या टोकाला एक जास्तीचं ताट होतं.

तुमची सारखी आठवण यायची ती कामामुळेच. आपल्या बँडचं गाणं ठरायचं ते महाशिवरात्रीच्या सुमारास, उन्हाळ्यातली लगीनसराई लागायच्या आधी. कागदावरचं संगीत कुणालाच वाचता येत नव्हतं. तुम्ही क्लॅरिनेटवर काढायचात, मग ट्रम्पेटवाले कानाने उचलायचे, मग ढोल, मग झांजा. एक गाणं सगळ्यांच्या अंगात बसायला दिवसच्या दिवस जायचे, म्हणून नवी गाणी थोडीच घेता यायची. त्यातलं एक मुख्य. परण्या, नवरदेवाची मिरवणूक, चौकात आला, घोडा थांबला आणि पोरांनी गोल धरला, की वाजवायचं ते. ते चुकलं की उन्हाळा गेला, आणि पुढच्या वर्षीच्या सुपाऱ्या दुसऱ्या बँडला गेल्या. बँडमधली माणसं त्या दिवसांत तुमच्या तोंडाकडे बघत असायची, आणि तुम्ही कुणाकडेच बघत नसायचात.

तुमची रीत मात्र जगावेगळी. गावाबाहेरच्या खळ्यावर हळद काढून आणलेली असायची, ढिगाऱ्याच्या भोवती बाया बसलेल्या असायच्या, गड्ड्याची बोटं मोडून वेगळी करत. आईही त्यांच्यात. तुम्ही दुपारचे क्लॅरिनेट घेऊन यायचात, बांबूच्या पालथ्या डालीवर बसायचात आणि काही न सांगता वाजवायला लागायचात. "आले मास्तर," कुणीतरी म्हणायची. "आज लगीन हाय का मयत?" "हळू वाजवा वो, हळद कडू होईल." तुम्ही वाजवत राहायचात. आणि ऐन चालीत, ओळ अर्ध्यावर आलेली असताना, थांबायचात. एकदम. दम लागल्यासारखं करून क्लॅरिनेटचं तोंड धोतराच्या सोग्याने पुसत बसायचात. उरलेली अर्धी ओळ कुणी नकळत गुणगुणली, तर गाणं पक्कं. नाही गुणगुणली, तर उद्या दुसरं. मला शाळा नसली की तुम्ही सोबत न्यायचात, कारण खाली मान घालून बसलेल्या तुम्हाला ओठ दिसत नसत. "तू बघ, कोणाचे हलतेत. बोट दाखवायचं न्हाई, नुसतं डोळ्यानं सांगायचं." मी पोत्यांवर बसून बघते आहे, बायांचे हात पिवळे, ओठ पान-सुपारीने लाल, आणि मला भीती वाटते आहे की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, हळदीच्या धुळीने, तर तुम्ही तो होकार समजाल.

तुमची रीत दर वेळी खरी निघायची असं मुळीच नाही. एका वर्षी तुम्हाला एक संथ चाल फार आवडली होती, शेवटाला चढत चढत जाणारी. आठवडाभर तुम्ही ती घरी दार लोटून वाजवत होतात. खळ्यावर वाजवली, ऐन चढावर थांबलात, आणि कुणीच काही म्हणेना. नुसता हळद मोडल्याचा कटकट आवाज. मी एकेक तोंड बघत होते. मग एका बाईने ती ओळ पुरी केली, अगदी शेवटच्या सुरापर्यंत. ती आई होती. मी डोळ्याने सांगायची गरजच पडली नाही, तुमचा चेहरा आधीच फुलला होता. ढोलवाले काका मागे उभे होते, ते म्हणाले, "मास्तर, घरचं मत मोजतेत का कुठं?" तुम्ही म्हणालात, "मत ते मत." कळमनुरीच्या पहिल्याच लग्नात परण्या चौकात आला, तुम्ही डोळे मिटून ती चाल उचलली, आणि नाचणारी पोरं एक एक करून पुलाच्या कठड्यावर जाऊन बसली. एकजण ओरडला, "ओ मास्तर, नवरीला मांडवात रडवा, आधी आमाला नाचवा की!" तो उन्हाळा तुम्ही जुन्या गाण्यांवर ओढला. तुम्ही गेल्यानंतर पुष्कळ वर्षांनी आई मला म्हणाली, "मला कळत होतं ते चालणार न्हाई म्हणून. पण कोणीच काही म्हणंना, आन तुझा बाप तिथं पिपाणी धरून नुसताच बसलेला. मग म्हणलं मी." मी विचारलं, बाबांना कधी सांगितलंस? "सांगून काय करायचं? लोकं काय कमी सांगत होते."

एकदा मी तुमची बोलणी खाल्ली, तेही आठवतं. शाळेत बाईंनी आम्हाला पाखरांचं एक छोटं गाणं शिकवलं होतं. मला वाटलं, एवढं गोड गाणं जगात दुसरं नसेल. तालमीच्या वेळी सगळ्यांच्या मध्ये उभी राहून मी सांगितलं, बाबा, यंदा हेच वाजवा. गाऊनही दाखवलं. ट्रम्पेटवाले मामा कौतुकाने हसले, पण तुम्ही हसला नाहीत. "तुला काय आवडतं ते कोण इचारलं? तुला आवडलं म्हणून जग नाचत न्हाई. जा, पाणी आण सगळ्यायला." मी पाणी आणलं आणि नंतर पोत्यांमागे जाऊन रडले. तुम्ही समजूत काढायला आला नाहीत. त्या उन्हाळ्यात वाशिमकडचं एक लग्न वाजवून आपण परत येत होतो, तुम्ही मला सोबत नेलं होतं, टेम्पोत वाद्यांच्या मध्ये बसवून. कनेरगाव नाक्यावर टेम्पो चहाला थांबला. टळटळीत दुपार. सगळे बाजेवर आडवे झालेले, टोप्या तोंडावर. तुम्ही ढाब्याच्या मागे लिंबाखाली गेलात, गणवेशाची वरची बटणं सोडलीत आणि माझं पाखरांचं गाणं वाजवलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये कुठेही न थांबता. मी एकदाच गायलं होतं, आणि ते तुम्ही तसंच्या तसं उचललं होतं. एक ट्रकवाला बाजेवरून उठून आला. "उस्ताद, कौन सा है ये? नया है क्या?" तुम्ही म्हणालात, "ये चलनेवाला नहीं है. ये मेरी लडकी का है." मग पुन्हा क्लॅरिनेट पिशवीत. चहाबरोबरची खारी माझ्याकडे सरकवलीत.

मग एका वर्षी तुम्ही गाणं अचूक ओळखलं. खळ्यावरच्या सगळ्याच बायांनी ओळ पुरी केली, दोघींनी तर टाळीही धरली. तुम्ही सगळ्यांकडून ते घोटून घेतलंत. आणि खरंच, त्या उन्हाळ्यात गावोगाव तेच गाणं वाजलं. फक्त ते डीजेच्या भिंतीएवढ्या डब्यांतून वाजलं. लोकांनी बँडच सांगितला नाही. आपण दोघं ओसरीत बसलो आहोत, रस्त्यावरून ट्रॅक्टरवर लादलेला डीजे चालला आहे, घराच्या पत्र्याला कंप सुटला आहे, आणि तुम्ही मला हसून म्हणता आहात, "बघ, म्हणलं होतं का न्हाई? चाललं की न्हाई गाणं?" मी नववीत असताना तुम्ही गेलात. छातीचं दुखणं होतं, दवाखाने झाले. जयंतीच्या मिरवणुकीत तुमच्याशिवाय बँड निघाला तो शेवटचा. नंतर ढोलवाले काका ऊसतोडीला गेले.

आता डिसेंबरचं सांगते. आमच्याकडे शेवटी दोन गाणी उरली. एक नवं, एका तरुण गायिकेचं, झगमगीत, पाय आपोआप हलतील असं. मशीन म्हणत होतं तेच येईल. दुसरं फार जुनं. दरवर्षी डिसेंबर लागला की लोक ते माळ्यावरून काढतात, सजावटीचा खोका काढावा तसं, आणि जानेवारीत पुन्हा ठेवून देतात. त्याचा गायक आता जिवंत नाही. मला आधी हे विचित्र वाटलं होतं, की मेलेला माणूस दर हिवाळ्यात नव्यांच्या बरोबरीने शर्यतीत उतरतो आणि त्याला ते माहीतही नसतं. आम्हाला प्रत्येकाला एकच नाव द्यायचं होतं आणि खाली कारण लिहायचं होतं. आमच्या मॅडमचं एकच सांगणं असतं, "आवडलं म्हणून नको. कारण दे." हे ऐकलं की मला पाणी आणायला पाठवल्यासारखं वाटतं, पण वाईट वाटत नाही.

मी काय केलं सांगू? इंग्लंडातल्या बायांजवळ खळ्यावर जाऊन मला बसता येत नव्हतं. पण प्रत्येक गाण्याखाली लोक काहीबाही लिहितात, ते मी वाचायला लागले. नव्या गाण्याखाली बदाम होते, आगीच्या ज्वाळा होत्या, "वा" होतं, "वर्षातलं सर्वोत्तम" होतं. जुन्याखाली कुणीतरी नुसती अर्धी ओळ लिहून सोडून दिली होती. बाकी काही नाही. आणि तिच्याखाली एका अनोळखी माणसाने उरलेली अर्धी लिहिली होती. त्याच्याखाली तिसऱ्याने पुढची. बाबा, मी खाली खाली जात राहिले. कुणाची आई वारली होती आणि ती भांडी घासताना हे म्हणायची, कुणी एकटं दवाखान्यात होतं, कुणी काहीच सांगत नव्हतं, नुसती ओळ पुरी करत होतं. मी पुन्हा पोत्यांवर बसले होते आणि ओठ बघत होते. मी जुन्याचं नाव दिलं. कारणात लिहिलं, लोक याची ओळ अर्धी ठेवत नाहीत. मॅडमनी खाली लिहिलं, "रोचक. आकडे जोड." मी आकडे जोडले.

नाताळच्या आधीच्या शनिवारी सकाळी उठून बघितलं. जुनंच आलं होतं. मला वाटलं होतं मी उडी मारेन, पण मी आधी दात घासले. मग कळलं, आमच्यात तिघांनी तेच नाव दिलं होतं. त्यातल्या एकाने तर सरळ नाणं उडवलं होतं म्हणे. सोमवारी मॅडमचा फोन आला, तुला कायम करतो आहोत. मी म्हटलं, गाणं बरोबर आलं म्हणून? त्या हसल्या. "अगं, ते नोव्हेंबरातच ठरलं होतं. तू काम नीट करतेस म्हणून. गाण्याचं काय, पुढच्या वर्षी चुकशील." ही बाई तुम्हाला आवडली असती.

मी आईला फोन केला. ती "बरं झालं माय, बरं झालं" म्हणत राहिली. मी त्याच आठवड्यात दोन खोल्यांचं घर घेतलं, वरच्या मजल्यावर, पुढे गच्ची. आईसाठी खिडकीजवळ बाज टाकली. शेगडी तिच्या उंचीला बरी पडेल अशी खाली ठेवली, कारण तिला उभ्याने स्वयंपाक जमत नाही. जानेवारीत ती एसटीने आली, हातात एक पिशवी. एकच पिशवी पाहूनच मला कळायला हवं होतं. पहिल्या दिवशी तिने घर झाडलं, दोन्ही खोल्या, मग पुन्हा झाडलं. मी काम करत होते तेव्हा ती दारात बसून माझ्याकडे बघत होती. मी कानातलं काढून विचारलं, "काय गं?" तर म्हणाली, "काही न्हाई. तू कर." तिने गच्चीवरून खालच्या बाईला हाक मारून बघितली, ती बाई भाजीला गेली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना तिने सांगितलं.

"मी उद्या जाते, लेकरा."

"काल तर आलीस. कायमचं यायचं ठरलं होतं ना?"

"हळद निघून राहिली तिकडं. बाया वाट बघतेत."

"आई, तुला आता हळद मोडायची काय गरज आहे? मी कमावते ना."

"गरज कोण म्हणलं?" तिने भाकरीचा तुकडा ताटातच फिरवला. "इथं चार भिंती हायत आन तू हायस. तू कानात बोंडं घालून बसतीस. मी बोलू कोणाशी? तिकडं सकाळपासून दहाजणी तोंड सोडून बसलेल्या असतेत. कोणाची सून, कोणाचा गुडघा. मला त्याच्याबिगर अन्न गोड लागत न्हाई."

"मग येते म्हणलीस काहून?"

तिने पेल्यातलं पाणी पिऊन घेतलं. मग म्हणाली, "तू दिवाळीत फोनवर रडून राहिली होतीस. तवा काय म्हणू? न्हाई म्हणू?"

मला खळ्यावरची ती ओळ आठवली, बाबा, तुमच्यासाठी पुरी केलेली. तिच्यावर रागावता येईना. मी म्हटलं, "जा मग. पण परवा जा." ती एक दिवस जास्त राहिली आणि गेली. बस स्टँडवर तिने खिडकीतून हात बाहेर काढून माझा चेहरा चाचपला, सगळ्या लोकांसमोर, आणि म्हणाली, "तूच येत जा की. दर रविवारी. लांब हाय का कुठं कुरुंदा?" लांब नाही. मी जातेही. खळ्यावर बायांच्यात बसते, त्या मला हळद मोडू देत नाहीत, "शिकल्याली पोरगी, बोटं पिवळी होतील," म्हणतात आणि चहा पाजतात. मला तिथे बरं वाटतं. संध्याकाळच्या बसने परत येते आणि कुलूप उघडते. एवढ्या लांबच्या, कधी न पाहिलेल्या माणसांना डिसेंबरात काय ऐकावंसं वाटेल त्याचं कारण मी आकड्यांसह लिहून दिलं. आई मात्र माझ्यासमोर बसून जेवत होती, आणि मला वाटलं होतं तिला खिडकीजवळची बाज हवी आहे.

हे सगळं मी कामाच्या लॅपटॉपवर लिहिते आहे, कामाला बसायच्या आधी. थोड्या वेळाने पुण्याची मुलं ऑनलाइन येतील, मग पडद्यावरची ही खिडकी बंद करावी लागेल, आणि मी ती जपून ठेवणार नाही. तुम्हाला तसंही अक्षरांपेक्षा कानाने घेतलेलं जास्त लक्षात राहायचं. फक्त एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही, ती सांगते. इथे खाली घरमालकीण राहते. पाण्याची टंचाई असल्याने ती माणसागणिक पाणी सोडते. घर घेताना मी आम्ही दोघी म्हणून सांगितलं होतं. आई गेली त्या दिवशी तिने विचारलं, "गेल्या का आई? परत कधी?" मी म्हटलं, हळद संपली की. आता हळदही संपत आली. आज सकाळी तिने पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा म्हटलं, येणार आहे, पुढच्या महिन्यात. दोघींचं पाणी येतं, बाबा. मी दोन्ही बादल्या भरून घेते, आणि एक संध्याकाळी, घरमालकीण देवळात गेली की, तिच्याच जास्वंदीला घालून टाकते.